सोन्याच्या ठिपक्यांची पेटी

७ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून ही वेगळी वही. संघाच्या सामानाची नोंदवही मी एक्केचाळीस वर्षे ठेवीत आलो आहे, परंतु तिच्यात संशयासाठी रकाना नाही. म्हणून ही.

माझे नाव आउलिस रिन्ने. वय एक्क्याऐंशी. शिक्षण चार इयत्ता; पाचवीच्या वर्षी मी जंगलात लाकडांची साल काढावयास गेलो. फिनलंडमधील कोस्किनिएमी गावच्या आइस हॉकी संघाचे सर्व सामान माझ्या ताब्यात असते: स्केट, काठ्या, हेल्मेट, हातमोजे, आणि पक, म्हणजे खेळावयाच्या रबरी चकत्या. माझ्या कारकिर्दीत एकाही खेळाडूने ओला हातमोजा घातलेला नाही. हे येथे एकदाच लिहितो. पुन्हा लिहिणार नाही.

आज विद्यापीठातून एक बाई आली. साइमी केतोला, वय तीसच्या आसपास. तिच्याजवळ साबणाच्या वडीएवढे एक यंत्र आणि पट्ट्यांची एक पेटी. प्रत्येक पट्टीवर सोन्याचा ठिपका. तिने मुलांना कपडे बदलण्याच्या खोलीत उभे करून सांगितले, “डोक्याला मार बसला की मेंदूतलं एक प्रथिन रक्तात झिरपतं. ठिपक्यावर ते चिकटलं की वीज कमी वाहते, आणि ती किती कमी झाली यावरून यंत्र आकडा काढतं. आकडा जेवढा मोठा, तेवढी इजा मोठी. पंधरा मिनिटांत कळतं. स्कॅनसाठी तुम्हाला दीड तास गाडीत बसावं लागतं.”

आमचा बचावपटू ओत्सो लाम्पी म्हणाला, “आणि मेंदूच नसला तर?”

“तर शून्य येईल.”

सगळे हसले. मी हसलो नाही. तिने सर्वांच्या बोटांना सुया टोचल्या आणि कोणाचे डोके नेहमी कसे असते याची यादी केली. हा फक्त अभ्यास आहे, कोणी खेळावे हे यावरून ठरवायचे नाही, असेही ती म्हणाली. प्रशिक्षक यार्मोने मान हलविली. ऐकताना तो नेहमीच मान हलवितो.

मी विचारले, “आपण मूळच्या कुठल्या?”

“हार्युची.”

मी पुढे काही विचारले नाही. मोसमाचा शेवटचा सामना हार्युशी आहे. जो हरेल तो खालच्या गटात जाईल. कोणाचे डोके किती धक्का सोसते याची यादी हार्युच्या हाती पडली, तर त्यांना आणखी काय हवे?

तिने पेटी माझ्या खोलीतील फ्रीजमध्ये ठेविली. मी खालचा कप्पा पुसून देत होतो, तेव्हा म्हणाली, “पेटीला हात लावू नका हं, आजोबा.” मला आजोबा म्हणण्याचा अधिकार मुलांनी मिळविलेला आहे. तिने नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

फ्रीज जुना आहे आणि गळतो. सकाळी पाहिले तर पेटीवर पाण्याचे थेंब उभे होते आणि पुठ्ठ्याचा एक कोपरा मऊ पडला होता. झाकणावर छत्रीचे चित्र आहे, वरून थेंब पडत असलेले. बाकी मजकूर इंग्रजी. इंग्रजी मला वाचता येत नाही. छत्री वाचता येते.

ओलाव्याशी काय करावे हे मला विद्यापीठाने शिकवावे लागत नाही. मी पेटी पुसली आणि वाळवणीच्या कपाटात गोलरक्षकाच्या पायपट्ट्यांमागे ठेविली. तेथे पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा सतत फिरते. ती बाई शनिवारी येण्याच्या तासभर आधी पेटी परत फ्रीजमध्ये ठेवीन. तिला सांगणार नाही. सांगितले तर ती एकतर आभार मानील किंवा रागावेल, आणि मला दोहोंची गरज नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

सामना जिंकलो. तिने आठ जणांचे रक्त घेतले. पेटी कोरडी खडखडीत पाहून तिला काही वाटल्याचे दिसले नाही. नीट सांभाळलेली वस्तू कोणाच्या नजरेत भरत नाही.

मला म्हणाली, “तुमचंही घेऊ का? वयस्कर माणसांचे आकडे मला हवेत.”

मी म्हणालो, “माझे डोके यादीत नको.”

“बरं, रिन्ने साहेब.”

त्या ‘साहेब’मध्ये हसू होते. नंतर ती बाहेर बर्फात उभी राहून फोनवर बोलत होती. दोनदा ‘ओत्सो’ ऐकू आले, एकदा ‘हार्यु’.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज ती बाई येऊन गेल्यावर पेटीत एक नवी वस्तू सापडली. कोटाच्या बटणाएवढी, पांढरी, आणि आत लाल ठिणगी दर थोड्या वेळाने लुकलुकते. पट्ट्यांना दिवा कशाला लागतो?

घरी कॉफी घेताना हिल्काला सांगितले. पन्नास वर्षांच्या संसारात तिने माझ्या संशयाचा मान कधी ठेविलेला नाही.

“ऐकण्याचे यंत्र आहे ते,” मी म्हणालो.

“अहो, तुमचं ऐकायला कोण बसलंय? मी घरात ऐकते तेवढं पुरे आहे.”

“माझ्या खोलीत यार्मो डावपेच बोलतो.”

“यार्मोचे डावपेच साऱ्या गावाला पाठ आहेत. म्हणून तर हरता.”

तरीही मी तोड काढली. पेटी कपाटात जाईल तेव्हा बटण फ्रीजमध्येच लोण्याच्या डब्याशेजारी राहील. ऐकू दे त्याला फ्रीजची घरघर. ती बाई येण्याआधी दोन्ही एकत्र. मला हे समाधानकारक वाटते.

२४ फेब्रुवारी, शनिवार

दहा दिवस लिहिण्याजोगे काही घडले नाही. आज घडले.

साइमीबाई यंत्राकडे बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्या खोलीत आली. मी स्केटला धार लावीत होतो.

“रिन्ने साहेब, फ्रीज कोण उघडतं?”

“मी. माझा फ्रीज आहे.”

“दार कधी उघडं राहतं का? वीज जाते का?”

“माझ्या खोलीत काहीही उघडे राहत नाही.”

“सुरुवातीला आकडे थोडे वरखाली व्हायचे. माणसांचे होतातच. आता सगळे तळाशी, एका रेषेत.” हे ती मला सांगत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. मग तिने ते बटण काढून संगणकाला जोडले. मी धार लावणे थांबविले नाही, परंतु पाहत होतो. पडद्यावर काहीतरी पाहून तिचा चेहरा सैल झाला. “नाही, इथे सगळं ठीक आहे,” ती म्हणाली.

म्हणजे बटणाला घरघरीखेरीज काही मिळाले नाही. मी तिला चोर म्हटले नाही, तिने मला म्हटले नाही, आणि दोघांनीही ते मनात म्हटले. त्यानंतर तिने मला वेलदोड्याचा पाव देऊ केला. मी घेतला नाही.

२ मार्च, शनिवार

हार्युच्या मैदानावर सामना होता. मोसमातील त्यांच्याशी शेवटून दुसरा.

दुसऱ्या सत्रात त्यांच्या सतरा क्रमांकाने ओत्सोला मागून कठड्यावर दाबले. हेल्मेट फळीवर आदळल्याचा आवाज बाकापर्यंत आला. मी एक्केचाळीस वर्षे असे आवाज ऐकतो आहे. हा पोकळ नव्हता. बारा खेळाडूंमधून त्यांना ओत्सोच कसा सापडला? ती यादी कोठे गेली होती हे आता मला विचारावे लागणार नाही.

तिने वीस मिनिटांनी त्याचे बोट टोचले. पंधरा मिनिटे सगळे यंत्राकडे पाहत होते. आकडा तळाशी.

यार्मोने हात वर केले. “शून्य. मी म्हटलं होतं ना, मेंदूच नाही त्याला.”

सगळे हसले. ओत्सोही हसला, सर्वांचे हसून झाल्यावर.

साइमीबाई म्हणाली, “यार्मो, हा फक्त अभ्यास आहे. डॉक्टरांना दाखवा.”

“दाखवू की.”

परतीच्या बसमध्ये ओत्सो काचेला डोके टेकून झोपला. त्याचा कोट खाली घसरला होता. मी तो सारखा केला.

४ मार्च, सोमवार

ओत्सो दुपारी स्केट घेऊन आला. तो दिवसा छपरांवरचा बर्फ काढण्याचे काम करतो. सकाळपासून शाळेच्या छपरावर होता. गावच्या डॉक्टरांनी डोळ्यांत दिवा मारून पाहिले आणि बरे वाटेल तसे करा म्हणाले, असे त्याने सांगितले.

“बरे वाटते का?”

“एकदम झकास. शून्य आलाय ना माझा.”

त्याने पिशवीतून स्केट काढले. एक त्याचा होता, दुसरा गोलरक्षकाचा. गोलरक्षकाच्या स्केटचे पाते सपाट आणि लांब असते. सहा वर्षांच्या पोरालाही फरक कळतो. ओत्सो त्या जोडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “घाईत उचलला वाटतं.” आणि थोड्या वेळाने, “आजोबा, तो दिवा जरा मंद करा ना.”

माझ्या खोलीत चाळीस वॅटचा एकच दिवा आहे.

६ मार्च, बुधवार

आजची नोंद मी सावकाश लिहितो, कारण ती बरोबर लिहावयाची आहे.

सरावानंतर मी यार्मोला बाजूला घेऊन सांगितले की ओत्सोला शनिवारी खेळवू नये.

“का?”

“तो ठीक नाही. त्याने तीन वेळा पक पायाखालून जाऊ दिला.”

“मागच्या वर्षी दहा वेळा जाऊ दिला होता. तेव्हा तुम्ही कुठे होतात?” मग जरा मऊ झाला. “आजोबा, तुम्ही पात्यांना धार लावा. डोक्यांसाठी मशीन आहे. शून्य म्हणजे शून्य. ओत्सो नसेल तर शनिवारी मी मागे कोणाला उभं करू, तुम्हाला?”

म्हणून मी साइमीबाईकडे गेलो. मी तिला स्पष्ट सांगितले की तिचे यंत्र खोटे बोलते, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून खोटे बोलते हे मला जाणून घ्यावयाचे आहे.

ती रागावली नाही. तिने मला खुर्ची दिली. “मलाही आधी पट्ट्यांचाच संशय आला होता,” ती म्हणाली. “त्या ठिपक्यावर प्रथिनं बसवलेली असतात, रक्तातलं नेमकं प्रथिन पकडणारी. फार नाजूक. अंड्यातल्या पांढऱ्यासारखी समजा. उबेत राहिली की हळूहळू मरतात. मेलेली पट्टी काहीच पकडत नाही. मग कुणाचंही रक्त घाला, आकडा तळाशीच.” तिने संगणक माझ्याकडे वळविला. “पण हे बघा. पेटीत मी एक बटण ठेवलंय, दर दहा मिनिटांनी तापमान लिहिणारं. जवळजवळ तीन आठवडे. चार अंश, चार अंश, चार अंश. तुमचा फ्रीज गळका असेल, पण इमानदार आहे. पट्ट्या जिवंत आहेत, रिन्ने साहेब. ओत्सोचा आकडा खरा धरायला हवा. मला स्वतःला पटत नसला तरी.”

पडद्यावर एक सरळ रेषा होती. इतकी सरळ रेषा मी पात्याचीही पाहिलेली नाही.

मी उठलो आणि घरी आलो.

७ मार्च, गुरुवार

हिल्काने वाटाण्याचे सूप केले. मी खाल्ले.

साइमीबाईने मला सापळ्यात पकडण्यासाठी ही अंड्याची गोष्ट रचली असावी, ही शक्यता मी दुपारपर्यंत तपासून पाहिली. ती हार्युची आहे. तिने बटणाविषयी आधी सांगितले नाही. छत्री छापली तर त्याखाली फिनिश भाषेत लिहिणे हे छापणाऱ्याचे काम नव्हे काय? हे सर्व मुद्दे योग्य आहेत. ते एकामागून एक लिहिले असता कागदावर चांगले दिसतात.

काल घरी आल्यावर मी हिल्काच्या टोपलीतील एक अंडे उचलून परत मैदानावर गेलो होतो आणि ते वाळवणीच्या कपाटात ठेविले होते, त्याच जागी. हे काल लिहिले नाही. आज लिहितो.

८ मार्च, शुक्रवार

सकाळी अंडे घरी आणले आणि बशीत फोडले. त्यातले पांढरे अजून पांढरे झालेले नव्हते. पातळ होते, पारदर्शक. दोन दिवस कपाटात राहूनही शिजलेले नव्हते.

मी खुर्चीवर बसलो. मला खूप हलके वाटले. तिची उपमा खोटी ठरली होती, आणि उपमा खोटी तर बाकीचेही खोटे असू शकते. मी हिल्काला बोलावून बशी दाखविली.

“काय हे?”

“अंडे. दोन दिवस पंचेचाळीस अंशांत होते. पाहा, जसेच्या तसे आहे.”

तिने बशी उचलून वास घेतला आणि नाक मुरडले. “पातळ राहिलं म्हणून ताजं राहिलं होय?”

“दिसावयास ताजे आहे.”

“मग तुम्ही खा.”

मी खाल्ले नाही.

“मग कुणाला घालाल? मैदानावरच्या पोरांना?” तिने ते कचऱ्यात ओतले. “अहो, हे काय खूळ काढलंय? बोला तरी.”

दुपारी मैदानावर जाऊन ओत्सोच्या स्केटना धार लावली. मग पुन्हा लावली. धारेत दोष नव्हता.

जे लिहावयाचे टाळतो आहे ते असे: बोललो, तर एक्केचाळीस वर्षांत मी सामानाचे काही बिघडविले नाही, हे वाक्य मला पुन्हा कधी म्हणता येणार नाही. न बोललो, तर उद्या चार वाजता ओत्सो बर्फावर उतरेल, आणि पलीकडे सतरा क्रमांक असेल. यांपैकी काय मोठे, हा प्रश्न नाही. मी दोन दिवस तो प्रश्न असल्यासारखा वागतो आहे, हा प्रश्न आहे.

९ मार्च, शनिवार

तीन वाजता मुले स्केटच्या नाड्या बांधीत होती. यार्मो फळ्यावर रेघा ओढीत होता. साइमीबाई दाराजवळ आपले यंत्र पुसत होती. मी मध्ये उभा राहिलो.

“मला एक निवेदन करावयाचे आहे.”

“आजोबा, सामन्यानंतर,” यार्मो म्हणाला.

“सामन्यानंतर त्याचा उपयोग नाही. पट्ट्यांची पेटी मी एक महिना वाळवणीच्या कपाटात ठेवीत होतो. ज्या दिवशी साइमीबाई येत, त्या दिवशी तासभर आधी परत फ्रीजमध्ये. बटण मी फ्रीजमध्येच ठेवीत होतो. ते तापमानाचे आहे हे मला ठाऊक नव्हते. म्हणून पडद्यावर चार अंश दिसतात. पेटीला चार अंश मिळालेले नाहीत. ओत्सोचा शून्य हा ओत्सोचा नाही. तो माझा आहे.”

गोलरक्षक म्हणाला, “कपाटात? आमच्या घामट पॅडमागे?” कोणीतरी हसावयास सुरुवात केली आणि थांबले.

मला वाटले होते साइमीबाई ओरडेल. ती माझ्यासमोर आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“किती अंश?”

“पंचेचाळीस.”

“कधीपासून?”

“आठ फेब्रुवारी.”

“का केलंत?”

“पेटी ओली होती. आणि आपण हार्युच्या आहात.”

“माझी आई हार्युत एकटी राहते, म्हणून मी तिथे जाते,” ती म्हणाली. “हॉकी मला अजिबात आवडत नाही.” मग ती वळली. “ओत्सो, स्केट काढ.”

“मी ठीक आहे.”

“तुला काय माहीत? आता मलाही माहीत नाही. काढ.”

“यार्मो, सांगा ना हिला.” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. “गेल्या शनिवारपासून फक्त डोकं दुखतंय. एवढंच. गोळ्या घेतो मी. खेळता येतं.”

यार्मोच्या हातातील खडू तसाच राहिला. “शनिवारपासून?”

ओत्सो नाडी सोडावयास वाकला आणि त्याला नाडीचे टोक सापडेना. त्याची बोटे गाठीवरून फिरत होती. मी गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही स्केट सोडले. गुडघ्यांवर बसणे मला आता सोपे नाही. उठताना साइमीबाईने हात दिला आणि मी तो घेतला.

रुग्णवाहिका पावणेचारला निघाली. साइमीबाई ओत्सोसोबत गेली. मी यार्मोला माझ्या खोलीची किल्ली दिली. तो म्हणाला, “आत्ता नको हो. हातमोजे कोण देणार?” म्हणून मी सामना संपेपर्यंत थांबलो, हातमोजे दिले, आणि मग किल्ली फळ्याखाली ठेवून घरी आलो. सामना तीन-एक हरलो.

११ मार्च, सोमवार

स्कॅनमध्ये कवटीखाली रक्त दिसले. थोडे होते, पण रोज वाढत होते. शनिवारी रात्री त्यांनी भोक पाडून ते काढले. आणखी एक धक्का बसला असता तर काय झाले असते, हे साइमीबाईने फोनवर सांगितले नाही. मीही विचारले नाही. ओत्सो पूर्वीसारखा होईल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. तिने माझ्याकडे तारखा मागितल्या. मी प्रत्येक तारीख दिली. तिचा महिन्याचा अभ्यास बाद झाला आहे. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “लिहून द्या. नीट लिहिता तुम्ही.” त्या ‘नीट’मध्ये काय होते हे मी अजून ठरविलेले नाही.

मग तिने फोन ओत्सोच्या हाती दिला.

“आजोबा,” तो म्हणाला. जीभ जड होती. “काय झालं शनिवारी? जिंकलो ना?”

“तीन-एक हरलो.”

“अरेरे. मी असतो तर…” तिकडे खोलीत कोणीतरी कप ठेवला. “आजोबा?”

“हो.”

“शनिवारचं काय झालं? जिंकलो का आपण?”

हिल्का माझ्या शेजारी उभी होती. तिला ऐकू येत होते. तिने माझ्या खांद्यावर हात ठेविला.

“तीन-एक हरलो,” मी सांगितले, अगदी पहिल्यांदा सांगितले होते तसेच, जरासुद्धा घाई न करता.